पूर्णेची वाट आणि पाटलाची बंगली

आमच्या गावच्या विहिरींचं पाणी खारं. थोडंथोडकं नाही, पाहुण्याला तांब्या दिला तर तो पहिल्या घोटालाच थांबून आपल्या तोंडाकडे पाहतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी सगळा मुलूखच असा. विहीर जितकी खोल खणाल तितकी ती जास्त खारी. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. सकाळी चुलीवर ठेवा, दुपारी झाकण काढून पाहा, दाणा न् दाणा वेगळा, जसा खळ्यातून आणला तसा. पण नदीच्या रेतीत हातभर खड्डा केला की हळूहळू गोड पाणी झिरपतं. त्याला आम्ही झिरा म्हणतो. वाटीवाटीनं घागर भरायची, आणि वाटी भरेपर्यंत गावातल्या सगळ्या घरांची चौकशी करायची. बायकांचं ते काम होतं, आणि बायका ते काम मन लावून करत.

माझं लग्न या पाण्यावरच जुळलं. सासरा वडनेर भोलजीच्या अलीकडच्या एका खेड्यातला. पोरगी द्यायच्या आधी त्यानं वावर किती, बैल किती, हे विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "पोरीले पाणी कुठून आणा लागन?"

मी म्हणालो, "मामा, आमच्या घरामागूनच वाट निघते, ते थेट पूर्णेत उतरते. चुलीवरचं दूध उतू जाच्या आत पोरगी घागर घेऊन घरात."

चार माणसांत बोललो. मी दुसरीपर्यंतच शिकलो. तिसरीत मास्तरानं मला विनाकारण मारलं म्हणून मी शाळा सोडली, आणि मास्तर घरी बोलवायला आला तरी गेलो नाही. पण बोललेला शब्द मोडायचा नाही एवढं शिकायला दुसरी पुष्कळ झाली.

आता खोटं कशाला सांगू, ती वाट पाटलाच्या वावरातून जात होती. वावर पाटलाचं, खसऱ्यात नाव पाटलाचं, सारा पाटील भरायचा. वाट मात्र गावाची. कोणी कोणाला दिली, कधी दिली, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. आमचे लोक जाता येता पाटलाचा हरभरा उपटून खायचे, तेही खरं. मीही खाल्ला आहे. चांगला हरभरा होता.

एका साली पाटील नात्यातल्या लग्नाला मुंबईला गेला. लग्न कसं झालं ते त्यानं परत आल्यावर कोणाला सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की तिथं समुद्राच्या काठाला शेटलोकांनी बंगले बांधले आहेत, ते संध्याकाळी वेताच्या खुर्चीत बसतात, आणि समोर नुसतं पाणी दिसतं.

"मधात कोणीच नाई," पाटील चावडीवर म्हणाला. "माणूस नाई, ढोर नाई. तुमी अन् पाणी."

समुद्र काही वऱ्हाडात आणता येत नव्हता. म्हणून पाटलानं पूर्णेवर भागवलं. नदीकाठच्या त्या वावरात त्यानं बंगली बांधली. लाल कौलं, पुढं ओसरी, ओसरीपुढं हिरवळ, हिरवळीच्या कडेनं गुलाब. नागपूरहून वेताच्या दोन खुर्च्या आणल्या. एक दिवस तो खुर्चीत बसला आणि त्यानं समोर पाहिलं. समोर माझी म्हैस होती. म्हशीच्या बाजूला अर्धं गाव आंघोळ करत होतं.

दुसऱ्या आठवड्यात काटेरी तार आली. तारेला एक फाटक, आणि फाटकाला कुलूप.

आता पाण्याला जायचं तर नाल्यानं वळसा घालून जायचं, एक कोस जाणं आणि एक कोस येणं. गावातल्या बाया पहिल्या दिवशी तारेशी उभ्या राहून ओरडल्या, दुसऱ्या दिवशी नाल्यानं गेल्या, आणि तिसऱ्या दिवसापासून घराघरांत विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायला लागली, म्हणजे शिजेनाशी झाली. पुरुषमाणसं चावडीवर पोट धरून बसत. एकमेकांना कोणी काही विचारत नसे.

माझ्या घरात गडबड झाली नाही. बायकोनं माझ्यापुढं ताट ठेवलं. मी डाळीचा घास घेतला, दातांत कडकन वाजलं.

मी म्हणालो, "हे काय व?"

ती म्हणाली, "घरामागची वाट हाये."

एवढंच. आठ दिवसांनी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. आखाजीला पोरी माहेरी जातातच, त्यात काही नाही. पण जाताना तिनं सुपाखाली ठेवलेली स्वतःची मण्यांची पोतही घेतली, तेव्हा माझ्या मायनं कपाळाला हात लावला. आखाजी झाली, झोके सुटले, बाकीच्या घरच्या सुना परत आल्या. माझी आली नाही.

मी आणायला गेलो. सासऱ्यानं मला बाजेवर बसवलं, गुळपाणी दिलं. पाणी गोड होतं. मुद्दामच दोनदा दिलं.

"जवाईबुवा," तो म्हणाला, "पोरगी तुमचीच हाये. म्या काऊन ठेवून घेऊ? पण तुमी चार माणसात बोलले होते."

"वाट पाटलानं बंद केली मामा, म्या नाई."

"मंग मले शब्द पाटलानं थोडाच देल्ला होता?"

दाराआडून बायकोचा आवाज आला, माझ्याशी नाही, तिच्या आईशी, पण मला ऐकू येईल असा, "वाट उघडली का येईन म्हणा. नाई उघडली तं इथं वावर निंदाले बाई लागतेच."

मी उठलो. जेवायला थांबलो नाही. अर्ध्या वाटेत आल्यावर आठवलं, की तिथली डाळ शिजलेली असणार. पण मग परत फिरणं शोभलं नसतं.

घरी आलो तर माय म्हणाली, "एकटाच आला? चांगलं झालं. तिची डाळ चावाले माह्याजवळ दात नाईत."

त्या दिवसापासून मी पाटलाच्या मागे लागलो. गावातले लोक सांगतात की मी गावासाठी भांडलो. मी काही ते नाकारत नाही. पण मला बायको पाहिजे होती.

पहिल्यांदा पटवाऱ्याकडे गेलो. त्यानं बस्ता सोडून नकाशा काढला, आणि नकाशात वाट होती! बारीक, ठिपक्याठिपक्यांची, थेट नदीपर्यंत.

"हे पाहा," मी म्हणालो. "सरकारी कागद."

पटवारी म्हणाला, "पाह्यलं. आता नदी पाह्य. नकाशा झाला तव्हा नदी तिकडं होती. दरसाल पुरानं काठ खाल्ला. तुही वाट सरकारनं कबूल केली हाये, पण ते आता नदीच्या मधात हाये. जाय, चाल तिच्यावरून."

मग तहसीलदाराकडे अर्ज केला. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतला, पण सही माझी, आणि सहीला मी पाऊण तास लावला. तहसीलदार जागेवर मोका पाहायला आला. पाटलानं त्याला वेताच्या खुर्चीत बसवलं, आमरस दिला. नदीवरून वारा येत होता. साहेबानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. पण झोपला नव्हता.

"नदीवर जायला दुसरी वाट आहे की नाही?"

"हाये साहेब. कोसाचा वळसा."

"म्हणजे आहे," तो म्हणाला, आणि तेवढंच लिहिलं.

मी पाटलाला तिथंच म्हणालो, "पाटील, नदी काही तुमच्या बापानं खणली नाई."

पाटील रागावला नाही. तोच मोठा वांधा होता, तो रागवायचा नाही. तो म्हणाला, "नदी कोणाचीच नाई गा. नदीवर म्या कुठी तार लावली? जा ना नदीत. माह्या वावरातून मात्र नको. तुह्या वावरातून म्या बंगलीची वाट मांगतली तं तू देशीन?"

मी दिली नसती. घरी येईपर्यंत दुसरं उत्तर सुचलं, पण तोवर पाटील जेवायला गेला होता.

पावसाळा लागला. नदी गढूळ झाली, झिरे बुडाले. कोसभर जाऊन आणलेलं पाणी रांजणात तुरटी फिरवून निवळायचं. निंदणाला बायको नाही. माझ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तण माझ्या गुडघ्याला लागलं. शेजारी विचारायचा, "पऱ्हाटी कोणती अन् तण कोणतं, वळखू येते का रे?" मी म्हणायचो, "मले येते." येत नव्हतं.

अशात पोळा आला.

पोळ्याच्या सकाळी सगळ्या गावाचे बैल नदीवर धुवायला न्यायचे, आणि पुढं पाटलाची मानाची जोडी. तिच्या आधी कोणाचा बैल पाण्यात उतरत नाही. संध्याकाळी तोरणाखालूनही पहिली तीच. हा मान पाटलाच्या घराण्याला पिढ्यान् पिढ्या आहे, आणि या मानासाठी पाटलाच्या आज्यानं सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं.

चार दिवस आधी चावडीवर बोलणं निघालं, की औंदा बैल कुठं धुवायचे. एक म्हातारा म्हणाला, पाटलाला हात जोडू, एक दिवस फाटक उघडा म्हणू.

मी म्हणालो, "हात काऊन जोडता? आपण नाल्याच्या वळशानं जाऊ. सगळे. पाटलाची जोडी जाईन आपल्या फाटकातून एकटीच. तिले कोण अडवते?"

"अन् मान?" म्हातारा म्हणाला.

"मान हाये ना. पुढं पाटलाची जोडी, मांगं कोणीच नाई."

चावडी हसायला लागली. ते हसू मी घरी जायच्या आधीच पाटलापर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. पाटील ओसरीत उभा होता, बसला नव्हता.

"काय बे, तू मान मोडून राह्यला म्हणते?"

"म्या? म्या कुठी मोडून राह्यलो? तुमीच पुढं राहा ना. फक्त मांगं वळून पाहू नका."

पाटलानं नदीकडे पाहिलं. मधात कोणी नव्हतं. तुम्ही अन् पाणी. मग म्हणाला, "एक दिवस. पोळ्याचा. सरळ फाटकातून पाण्यात अन् सरळ परत. गुलाबाले बैलाचं तोंड लागलं तं पाह्यजो."

पोळ्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून त्याच्या कानात सांगायचं असतं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." ते सगळ्या घरी सांगितलं, पाटलाच्या बैलांच्या कोठ्यातही सांगितलं. आणि एकदा आवतण दिलं की पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगाला काठी लावायची नाही. आसूड नाही, पराणी नाही, मोठ्यानं हाड् सुद्धा म्हणायचं नाही. त्या दिवशी तो पाहुणा.

हे पाटलाला माहीत नव्हतं असं नाही. पण गुलाबांच्या गडबडीत विसरला असेल.

सकाळी फाटक उघडलं. पुढं मानाची जोडी, मागं सगळं गाव. जाताना सगळे सरळ गेले. पण पाण्यातून वर आलेल्या बैलाला भूक लागते, आणि चिखलाच्या वाटेपेक्षा त्याला हिरवळ बरी वाटते. पहिला वळला तो पाटलाच्याच मानाच्या जोडीतला डावा बैल. मानाचाच बैल वळला म्हटल्यावर बाकीच्यांनी काय करावं? रिवाजच होता, त्याच्या मागं जायचा.

पाहता पाहता हिरवळ दिसेनाशी झाली. नुसती शिंगं दिसत होती. गुलाबांचं मी बोलत नाही. माझा बांडा बैल जरा नादिष्ट आहे, तो पायऱ्या चढून ओसरीत गेला, अंगावरचं सगळं पाणी तिथंच झटकलं, आणि वेताच्या खुर्चीचा हात चघळायला लागला. पाटील काठी घेऊन धावला, आणि बैलाजवळ आल्यावर त्याला आठवलं. काठी तशीच वर राहिली.

"ने ना बे त्याले!" तो मला म्हणाला.

"कसा नेऊ पाटील? आज त्याच्या मनावर हाये."

तेवढ्यात आतून पाटलाची म्हातारी माय बाहेर आली. तिनं समोर पाहिलं. सगळ्या गावाचे बैल दारात. पोराच्या हातात काठी.

"काठी टाक," ती म्हणाली. "काल आवतण देल्लं, आज जेवाले आले. अन् तू काठी दाखवतं?"

"माय, आपल्या बैलाले देल्लं होतं."

"बैलाले काय समजते कोणाचं कोणतं? दारात आला तो पाहुणा. कुंकू आणा व. पुरण कुठवर आलं?"

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. म्हातारीनं एकेका बैलाला कुंकू लावलं, पाय धुतले, ओवाळलं, आणि पुरणपोळीचा घास दिला. पाटलाच्या गावातल्या घरून पोळ्या मागवल्या, त्या संपल्या. मग पाटलाच्या भाऊबंदांच्या घरून मागवल्या, त्याही संपल्या. दुपार झाली. माझा बांड्या दोनदा रांगेत उभा राहिला, आणि म्हातारीनं दोनदा ओवाळला. पाटील खांबाला टेकून पाहत होता.

सगळं झाल्यावर चावडीवरचा तोच म्हातारा पाटलाजवळ गेला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, तो भला माणूस. म्हणाला, "चांगलं झालं पाटील. आता हे दरसालचं झालं. एकदा दारात पूजा झाली का त्या दाराले बैल आणाच लागते."

पाटलाच्या मायनं मान हलवली. "हाव तं. आणाच लागन."

पाटलाचा चेहरा मी नीट पाहिला. जिथं आता गुलाब उरले नव्हते, तिथं तो पाहत होता.

तीन दिवसांनी पाटील स्वतः माझ्या दारात आला. माझ्या हयातीत पहिल्यांदा. बाजेवर बसला नाही, उभ्यानंच म्हणाला, "वावराच्या धुऱ्याच्या कडेनं वाट देतो. बंगलीपासून दूर. दोन्हीकून तार, म्हणजे इकडं कोणी वळणार नाई. माणूस नाई अन् बैलही नाई. अन् माह्या मायले तू सांगशीन, का बैल आता त्या वाटेनं जाईन."

"रुंदी किती?"

"एक बैल."

"दोन बैल जोडीनं अन् मधात माणूस."

"एवढी रुंद वाट तुह्या बापानं पाह्यली होती का?"

"मंग बैल लावून मोजू," मी म्हणालो.

पाटलानं कोणाची तरी मरतुकडी जोडी आणली, फासळ्या मोजता येतील अशी. मी म्हणालो, "पाटील, पोळ्याले या वाटेनं पुढं कोणती जोडी जाईन?"

"मानाची."

"मंग तिच्याच मापानं घ्या. का तुमची जोडी या दोघांएवढीच हाये?"

गाव ऐकत उभं होतं. पाटलाला आपले बैल बारीक आहेत असं म्हणवेना. मानाची जोडी आणली, दोघांच्या पोटांना हत्तीचा घेर. मधात मी उभा राहिलो, जरा छाती फुगवून. तिथं खुणा केल्या.

त्याच्या अटीही होत्या. दुपारी तो निजला असताना बायांनी वाटेत मोठ्यानं बोलायचं नाही. तारेवर लुगडी वाळत घालायची नाहीत. हरभऱ्याला हात लावायचा नाही. आणि पुरुषांनी आंघोळ बंगलीसमोर नाही, वळणाच्या खाली करायची. या शेवटच्या अटीवर मी दोन दिवस भांडलो. मग म्हणालो, बरं. त्यालाही नुसतं पाणी पाहायचं होतं, पाहू दे. आम्ही काही पाहण्यासारखे नव्हतो.

दसऱ्याच्या आधी नदी उतरली, रेती उघडी पडली, झिरे लागले. मी गाडी जुंपून सासऱ्याच्या गावी गेलो. या वेळी बायको सरळ समोर आली.

"वाट उघडली," मी म्हणालो.

"तुमी सांगता."

"म्या खोटं बोलतो का?"

"खोटं नाई. पण दूध उतू जाच्या आत म्हणे पोरगी घरात," ती म्हणाली, आणि तरीही गाडीत बसली. सासरा हसू दाबत बैलांना पेंढा टाकायला गेला.

गाडी आमच्या दारात आली. माय ओवाळायला भाकर-पाणी घेऊन उभी. बायको गाडीतच बसून राहिली.

"उतर ना," मी म्हणालो.

"पह्यली घागर तुमी आणा. वाट म्या पाह्यली नाई, तुमी पाह्यली."

"मी? घागर?"

"मले घाई नाई. मी गाडीतच बसून राहीन."

आमच्या घरात पुरुषानं खांद्यावर पाण्याची घागर आणली असं कधी झालं नव्हतं. गल्लीत चार दारं उघडली. मायनं घरातून घागर आणून माझ्या हातात दिली, अशी लवकर, की जणू दारामागं ठेवूनच बसली होती.

गेलो. रेतीत बसून वाटीनं घागर भरली. वाटी भरेपर्यंत किती वेळ लागतो ते त्या दिवशी कळलं. तिथं बसलेल्या बायका माझ्याकडे पाहून गप्प झाल्या, आणि मी उठल्यावर लगेच बोलायला लागल्या. परतताना पाटील ओसरीत खुर्चीत बसला होता, एका हाताच्या.

"काय बे," तो तारेपलीकडून ओरडला, "एवढं भांडून आता तूच पाणी आणून राह्यला?"

"वाट पाह्यतो नीट झाली का नाई!"

"मंग? झाली?"

"उतारावर दगड टाका लागन!" मी म्हणालो, कारण तेवढ्यात माझा पाय घसरला होता आणि पाणी मानेवरून सदऱ्यात गेलं होतं.

दारात आलो. बायकोनं गाडीतून वाकून घागरीत पाहिलं. अर्धी होती. मग माझ्या ओल्या सदऱ्याकडे पाहिलं. खाली उतरली, अर्धी घागर रांजणात ओतली, मायजवळ चुंबळ मागितली, आणि रिकामी घागर घेऊन घरामागच्या वाटेनं चालायला लागली. मी तिच्यामागं दोन पावलं गेलो.

"तू कुठी चालला?" माय म्हणाली. "बस आता. येते ते."

मी बसलो. ती आली तेव्हा घागर काठोकाठ भरलेली होती, आणि तिच्या तोंडावरून वाटत होतं, की झिऱ्यावरच्या बायकांनी तिला माझं सगळं सांगून झालं होतं.